सगरमाथा: शिखराचं नाव लिहिलं म्हणून समज मिळालेला इतिहासकार

मराठी वर्तमानपत्रांत एव्हरेस्टचं नेपाळी नाव पुष्कळदा ‘सागरमाथा’ असं छापून येतं. वाचणारा मनात अर्थ लावतो, सागराचा माथा. पण ते चुकीचं आहे. मूळ शब्द सगरमाथा. नेपाळीत सगर म्हणजे आकाश, आणि माथा म्हणजे आपलाच माथा, घाटमाथ्यावरचा किंवा कपाळावरचा. आकाशात पोचलेला माथा. एका कान्याने आभाळाचा समुद्र होतो, तो असा.

हे नाव कागदावर आणणाऱ्या माणसाचं नाव बाबुराम आचार्य. नेपाळात शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं, आपल्याकडे मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

आचार्यांचा जन्म १८८८ सालचा, काठमांडूचा. तेव्हा नेपाळात राजा नावापुरता होता आणि खरी सत्ता राणा घराण्याच्या पंतप्रधानांच्या हाती. लिहिणाऱ्या माणसावर बारीक नजर असे. १९२० मध्ये कृष्णलाल अधिकारी यांनी मक्याच्या शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात राज्यकर्त्यांना टोमणा आहे असा संशय आला, आणि त्यांना तुरुंगात टाकलं. तिथंच ते वारले. मक्यावरच्या पुस्तकाची ही गत! अशा देशात आचार्य जुनी कागदपत्रं आणि शिलालेख वाचत बसले होते.

शिखराच्या नावाचा गुंता त्यांच्या जन्माआधीचा. हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याने दुर्बिणीतून मोजमापं घेतली, राधानाथ सिकदारांनी आकडेमोड केली, आणि पंधरा नंबरचं शिखर जगात सर्वांत उंच निघालं, २९,००२ फूट. १८५६ मध्ये खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी त्याला आपले आधीचे साहेब जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. नेपाळ परक्यांना बंद असल्यामुळे स्थानिक नाव कळायला मार्ग नाही, हे त्यांचं कारण. गंमत म्हणजे खुद्द एव्हरेस्ट साहेबांनाच ते पटलं नव्हतं. हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, इथल्या लिपीत लिहिताही येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी १८६५ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेने तेच कायम केलं. काठमांडूत राहिलेल्या हॉजसन साहेबांनी देवढुंगा हे नाव पुढे केलं होतं, ते टिकलं नाही. कुणी गौरीशंकर म्हटलं; आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी तेच बसलं होतं. पण गौरीशंकर हे वेगळंच शिखर, हे १९०३ मध्ये स्पष्ट झालं.

१९३८ च्या सुमाराला आचार्यांनी ‘शारदा’ मासिकात लेख लिहिला. शिखराला स्थानिक लोकांत सगरमाथा हे नाव आहे, असं त्यांनी मांडलं. तिबेटी बाजूचं नावही त्यांनी चर्चेला घेतलं होतं. इंग्रजांनी ठेवलेल्या नावाला बाजूला सारणारा हा लेख राणा सरकारला रुचला नाही. आचार्यांना समज देण्यात आली.

१९५१ मध्ये राणांची सत्ता गेली. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले, आणि एव्हरेस्ट हे नाव जगभर पक्कं झालं. नेपाळ सरकारला सगरमाथा आठवलं ते त्यानंतर. चीनशी सीमेची बोलणी सुरू झाली तेव्हा शिखर कुणाचं हा प्रश्न उभा राहिला. पलीकडच्यांकडे चोमोलुंग्मा हे जुनं तिबेटी नाव होतं. नेपाळने इंग्रज साहेबाच्या नावावर आपला हक्क कसा सांगायचा? ज्या नावापायी बोलणी खाल्ली, तेच आता देशाच्या कामी आलं. १९६१ च्या करारात सीमा माथ्यावरून गेली. पुढे सगरमाथा नावाचा अंचल झाला, १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. गावाच्या पाटीवर कोणतं नाव लिहायचं यावरून पिढ्या खर्ची पडलेल्या आपल्या सीमाभागाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नाव आपण तयार केलं नाही, ते होतंच, आपण फक्त शोधलं, ही आचार्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. यावर वाद आहे. शिखराच्या पायथ्याशी राहणारे शेर्पा पिढ्यान्‌पिढ्या चोमोलुंग्माच म्हणत आले. सगरमाथा हा नेपाळी भाषेतला शब्द, आणि शेर्पांची घरची भाषा नेपाळी नाही. तेव्हा स्थानिक म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न रास्त आहे. परक्याचं नाव हटवताना शेजारच्या लहान भाषेचं नाव मागे पडलं, हे मान्य करावंच लागेल. पण दरबाराच्या नाराजीची पर्वा न करता शिखराला आपल्या भाषेत नाव आहे हे छापणं, तेही त्या काळात, याचं मोल त्यामुळे उणं होत नाही.

आचार्यांचं काम या एका लेखापुरतं नव्हतं. पृथ्वीनारायण शहांचं चार भागांतलं चरित्र त्यांनी लिहिलं. राजदरबारातल्या कटकारस्थानांवर आणि खुनांवरही लिहिलं. ते पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. उतारवयात दृष्टी गेली, तरी ते तोंडाने सांगत आणि दुसरे उतरवून घेत. राजे महेंद्र यांनी त्यांना इतिहास शिरोमणी ही पदवी दिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वारले. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर सगरमाथा हे नाव लागायला तेव्हा अजून काही वर्षं होती.