चिरेचे गणित मांडणारे ग्रिफिथ

बिरवाडीच्या बाजारात मडके घेणारे गिऱ्हाईक आधी ते बोटाने वाजवून पाहते. आवाज बद्द आला की कुठेतरी न दिसणारी चीर आहे, हे समजायचे. ती चीर केवढी असली आणि ताण किती पडला की वस्तू फुटते, याचे गणित ॲलन आर्नोल्ड ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने मांडले.

१८९३ साली लंडनमध्ये जन्मलेले ग्रिफिथ लिव्हरपूल विद्यापीठात शिकून १९१५ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात रुजू झाले. काच हिशेबापेक्षा फारच कमी ताणाला का तुटते, हे कोडे त्यांनी हाती घेतले. काच वितळवून त्यांनी तंतू ओढले. जाड तंतू पटकन तुटत. केसाहून कितीतरी बारीक तंतू मात्र पोलादाला मागे टाकत. बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नसते! हा निबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण धातूत रमलेल्या अभियंत्यांनी तो बरीच वर्षे मनावर घेतला नाही.

पुढे ग्रिफिथ टर्बाइनकडे वळले. पाती विमानाच्या पंखासारखी घडवावीत, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवले. फ्रँक व्हिटल या तरुण अधिकाऱ्याची जेट इंजिनाची कल्पना मात्र त्यांनी अव्यवहार्य ठरवली. एवढ्या मोठ्या माणसाची ही मोठीच चूक. १९३७ मध्ये व्हिटल यांचे इंजिन चालले. अर्थात, ती उष्णता सोसणारा धातू तेव्हा दुर्मीळच होता. १९३९ मध्ये ग्रिफिथ रोल्स-रॉइसमध्ये गेले आणि १९६३ मध्ये वारले.

जेट इंजिनात लालबुंद तापलेले धातूचे पाते गरगर फिरताना तासागणिक किंचित लांबत जाते. यालाच ‘क्रीप’ म्हणतात. सिरॅमिक त्यामानाने फार कमी लांबते, पण मडक्यासारखे फुटते. त्यावर उपाय म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या गाभ्यात त्याचेच बारीक तंतू गुंफले गेले. गाभ्यातली चीर तंतूपाशी आली की त्यावरच्या पातळ लेपापाशी वळते आणि तंतू दोन्ही बाजू धरून ठेवतात. वजन निकेलच्या मिश्रधातूच्या सुमारे एक तृतीयांश. २०१६ पासून प्रवासी विमानांच्या ‘लीप’ इंजिनात टर्बाइनभोवतीच्या कड्यासाठी हे साहित्य वापरात आहे.

पण गाभ्याला चीर गेली की तीतून तापलेली हवा आणि वाफ आत शिरते, लेप खाते. मग तंतूही हळूहळू ताणत तुटतात. म्हणून असा भाग आखताना त्यावरचा ताण पहिली चीर पडण्याच्या मर्यादेखालीच ठेवायचा प्रयत्न असतो.