दाजीसाहेबांचे तपोवन आणि मज्जातंतूतला चोरदरवाजा

अमरावतीत तपोवनाचा रस्ता कुणीही सांगेल. ते उभारणाऱ्या डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धनांचे नाव मात्र नव्या पिढीला आठवावे लागते.

दाजीसाहेबांचा जन्म १८९२चा, जमखंडी भागातील आसंगीचा. होमिओपॅथीचा हा डॉक्टर वऱ्हाडात आला आणि इथलाच झाला. स्वातंत्र्यलढ्यात उतरला. १९४६ साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी जगदंबा कुष्ठनिवास काढला. तेच आजचे तपोवन. तेव्हा कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, अशी समजूत घरोघरी होती. रोग्याला गावाबाहेर काढत आणि मग तो देवळापुढे भीक मागे. दाजीसाहेबांनी त्याच्या हाताला काम दिले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या रोगात बोटे झडतात, असे लोक म्हणतात. ती झडत नाहीत. संवेदना जाते, मग चुलीचा चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळत राहते. पण जंतू नेमका मज्जातंतूंकडेच का जातो?

दाजीसाहेब ७ मे १९८६ रोजी गेले. या प्रश्नाचे एक मोठे उत्तर ११ वर्षांनी, १९९७ मध्ये मिळाले. रॉकफेलर विद्यापीठातील अनुरा रामबुक्काना व सहकाऱ्यांनी दाखवले की जंतू आधी लॅमिनिन या प्रथिनाला चिकटतो. मज्जातंतूला वेढणाऱ्या श्वॉन पेशींवर (श्वॉन हे शास्त्रज्ञाचे नाव, श्वानाशी संबंध नाही!) लॅमिनिन धरून ठेवणारे इंटेग्रिन असते. लॅमिनिनचा पूल करून जंतू त्याच्या बीटा-४ या घटकाला जाऊन भिडतो. प्रतिपिंडाने बीटा-४ अडवले तेव्हा जंतूंचे चिकटणे कमी झाले. पूर्ण थांबले नाही. पुढच्याच वर्षी आणखी एक ग्राहक सापडला.

बीटा-४ बनवणारे जनुक १७व्या गुणसूत्रावर असते, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला घट्ट धरून ठेवणे हे त्याचे रोजचे काम. ते बिघडले तर कातडीवर फोड येतात. म्हणजे जंतू वापरतो ती आपली चांगली, निरोगी कडी. पापाचा हिशेब इथे कुठे बसवायचा?

बहुविध औषधोपचाराने आज हा रोग ६ किंवा १२ महिन्यांत बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. औषध जंतू मारते. पूर्ण मेलेल्या मज्जातंतूची संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. त्यामुळे अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा बधिर वाटला, तर त्याच आठवड्यात दाखवून घ्यावा.