दचकणाऱ्या मनाची गोष्ट

कुकरची तिसरी शिट्टी झाली, की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो ना, मैत्रिणींनो? आवाज आणि अर्थ यांची ही गाठ जगाला उलगडून दाखवली इव्हान पावलॉव्ह यांनी. बी.ए.ला असताना त्यांचं नाव मी पाठ केलं होतं, तेही परीक्षेपुरतं!

१८४९ साली रशियातल्या रियाझानला एका धर्मगुरूच्या घरी ते जन्मले. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे शाळा उशिरा सुरू झाली. वडिलांची वाट सोडून १८७० मध्ये ते विज्ञान शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले. १८८१ मध्ये सेराफिमाशी लग्न झालं. संसार ओढगस्तीचा, पहिलं मूल तान्हेपणीच गेलं. तरी काम थांबलं नाही. पचनक्रियेच्या संशोधनासाठी १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं.

ते कुत्र्यांना ठोके ऐकवत आणि लगेच खाणं देत. काही दिवसांनी नुसत्या ठोक्यांनीच लाळ सुटे.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पिंजऱ्यातली कुत्री बुडता बुडता वाचली. पण नंतर काहींचं शिकलेलं सगळं विस्कटलं. पाणी ओसरून महिने लोटले, तरी दाराखालून थोडं पाणी आत सोडताच एक कुत्रं बिथरलं. पूर संपला होता, भीती नव्हती संपली.

१९३६ मध्ये, ८६ व्या वर्षी पावलॉव्ह गेले. पुढच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की भीतीशी जोडलेला आवाज मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या भागाला जागं करतो. इतकंच नाही, ऐकण्याच्या भागातल्या पेशीही त्याच आवाजाला जास्त दाद देऊ लागतात.

हे वाचलं आणि आमच्या पुरुषोत्तमनगरच्या बचत गटातली एक ताई आठवली. नवऱ्याची दारू सुटून बरेच दिवस झाले, तरी दाराशी मोटारसायकल थांबली, की तिच्या हातातलं काम गळून पडतं. बायका हसायच्या. मीही एकदा तिला भित्री म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

खाणं न देता ठोके वाजवत राहिलं, की लाळ थांबते. पण थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुटते, हेही पावलॉव्ह यांनीच दाखवलं. भीतीही तशीच, गेलेली परत येते. तो काही त्या बाईचा दोष नाही. आधी घर खरोखर सुरक्षित हवं. मग तोच आवाज, पण सोबत आपलं माणूस, पुन्हा पुन्हा. गाठ सावकाशच सैल होते.

आता मोटारसायकल थांबली, की मी तिच्या शेजारी सरकून बसते. बोलत काहीच नाही.