मुळाच्या टोकातला सेन्सर शोधणारा डार्विन

फोन आडवा केला की व्हिडिओही आडवा होतो. आत ॲक्सेलरोमीटर असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिशय बारीक तुकडा लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन कलला की तो किंचित सरकतो आणि ‘खाली’ कुठे आहे ते फोनला कळतं. आता बी घ्या. जमिनीत उलटं पडो की आडवं, मूळ बरोबर खालीच जातं. मग त्याचा सेन्सर कुठे असतो?

या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागला तो चार्ल्स डार्विन. हो, उत्क्रांतीवालाच. १८०९ साली इंग्लंडमध्ये जन्म, वडील डॉक्टर. मुलालाही डॉक्टर करायला पाठवलं, पण ते त्याला जमलं नाही. १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जगप्रवास, १८५९ मध्ये गाजलेलं पुस्तक. एवढं शाळेत येऊन जातं. शाळेत न येणारा भाग म्हणजे त्याचं म्हातारपण.

१८४२ पासून तो डाऊन नावाच्या खेड्यात राहायचा. तब्येत कायम नरम. विद्यापीठ नाही, पगारी नोकरी नाही. घर, बाग आणि काचेचं रोपघर हीच लॅब. १८७६ मध्ये मुलगा फ्रान्सिसची बायको बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. तान्ह्या बाळाला घेऊन फ्रान्सिस वडिलांकडे राहायला आला. डॉक्टरकीचं शिक्षण झालेलं, पण प्रॅक्टिस कधीच केली नाही. बापलेक मिळून रोपांच्या मागे लागले.

मुळाचं टोक कापलं तर ते खाली वळत नाही, हे थिओफिल सिएसिएल्स्कीनं त्यांच्या आधी दाखवलं होतं. पण जखमेनं मूळ आजारी पडलं असेल, असं कोणीही म्हणू शकत होतं. डार्विननं बाकल्याच्या, वाटाण्याच्या, मक्याच्या मुळांची जेमतेम एक-दीड मिलिमीटर टोकं सिल्व्हर नायट्रेटनं जाळली. कपाशीही त्याच्या यादीत होती, तीही आपल्या देशी कपाशीच्या गोतावळ्यातली जात. (बजाजनगरहून वाळूजच्या बाहेर पडलं की रस्त्याकडेला दिसते ती कपाशी या प्रयोगांची नातेवाईक, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.) जाळलेली मुळं वाढत राहिली, पण आडवीच. मग त्यानं आधी मूळ तास-दीड तास आडवं ठेवलं आणि त्यानंतर टोक काढलं. आता मात्र ते खाली वळलं! म्हणजे ‘खाली कुठे’ हा मेसेज टोकाकडून आधीच निघालेला होता. वळणारा भाग टोकाच्या मागे, वेगळाच होता. मला विचाराल तर डीबगिंगचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडतो.

टोकाशी नेमकं काय असतं, ते आज माहीत आहे. तिथे मूलटोपी असते. तिच्या पेशींमधले जड स्टार्चकण खालच्या बाजूला बसतात, फोनमधल्या त्या तुकड्यासारखे. त्यामुळे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जातं, तिथली वाढ मंदावते, वरची बाजू पुढे जाते आणि मूळ वाकतं. यात कॅल्शियमही आहे. १९८३ मध्ये मक्याच्या मुळाच्या टोकाला कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन लावलं, तर मुळाला खाली-वर कळेनासं झालं. कॅल्शियम परत दिल्यावर कळू लागलं. एका बाजूनं कॅल्शियम लावलं, तर मूळ त्याच बाजूला वळलं. मूलटोपीतून पाझरणारा बुळबुळीत स्रावही नुसता वंगणापुरता नसतो. मक्याच्या एका वाणाच्या टोपीतून तो जवळपास येतच नाही आणि त्याची मुळं खाली वळत नाहीत. १९९० मध्ये अशा मुळांच्या टोकाला साध्या मक्याचा स्राव लावला, तर ती वळू लागली.

यातलं काहीच डार्विनला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त टोक दिशा ओळखतं एवढं सांगितलं आणि त्याची तुलना खालच्या दर्जाच्या प्राण्यांच्या मेंदूशी केली. पुस्तक आलं १८८० मध्ये, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता.

जर्मनीत वुर्त्सबुर्गचा युलिउस साक्स म्हणजे तेव्हाचा वनस्पतिशास्त्रातला सर्वांत मोठा माणूस. त्याच्या लॅबमध्ये प्रयोग करून पाहिला, तो काही जमला नाही. साक्सनं डार्विनचं काम हौशी आणि ढिसाळ ठरवलं. माझ्या मते ढिसाळपणा उलट बाजूला होता. एक मिलिमीटरचं टोक नीट कापायला हात फार स्थिर लागतो. सगळ्यात अवघड झालं फ्रान्सिसचं, कारण तो याच साक्सच्या लॅबमध्ये शिकून आला होता. एकीकडे गुरू, एकीकडे बाप.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेला. वाद मिटलेला नव्हता.

१८९९ मध्ये फ्रान्सिसनं ज्वारीची कोवळी रोपं घेतली. त्यांची टोकं काचेच्या नळीत आडवी पक्की केली आणि खालचा देठ मोकळा सोडला. नेहमी देठ वाकून टोक सरळ उभं झालं की वाकणं थांबतं. इथे टोक आडवंच राहिलं, ‘अजून आडवंच आहे’ हा मेसेज येतच राहिला, आणि देठ वाकत वाकत स्प्रिंगसारखा गुंडाळत गेला.