वाफेच्या वाटा मोकळ्या करणारे शापलाँ

कोळशावर धावणारे रेल्वे इंजिन मुळातच उधळे. भट्टीत पडलेल्या कोळशाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही गाडी ओढायच्या कामी येत नसे. बाकी सारे धुराड्यातून आकाशात. ही उधळपट्टी रोखण्यात फ्रेंच इंजिनिअर आंद्रे शापलाँ यांचे आयुष्य गेले. जन्म १८९२ चा. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२१ मध्ये पदवी मिळाली आणि १९२५ मध्ये ते पॅरिस-ओर्लेआँ रेल्वेत आले.

जास्त ताकद हवी तर इंजिन मोठे करा, हा तेव्हाचा सरधोपट उपाय. शापलाँ यांनी आधी नळ्या तपासल्या. बॉयलरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटा अरुंद, वळणावळणाच्या होत्या आणि वाफेचा जोर तिथेच गळून जाई. धमन्या आकसल्या की हृदय कितीही राबले तरी पायापर्यंत रक्त पुरत नाही, तसेच हे. त्यांनी वाटा रुंद केल्या, वाफ आणखी तापवली आणि बॉयलरमध्ये शिरणारे पाणी आधीच गरम करून घेतले.

दुसरे दुखणे श्वासाचे. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात सुटते, तिच्या ओढीने भट्टीत हवा शिरते. पण ती ओढ मिळवण्यासाठी तोंड अरुंद ठेवले की वाफ बाहेर पडताना अडते आणि उलट दट्ट्यालाच रेटते. दमेकऱ्यालाही श्वास सोडणेच जास्त जड जाते. फिनलंडच्या क्यूलॅला यांच्या कल्पनेवर काम करून शापलाँ यांनी ही अडचण बरीच सोडवली. दोघांच्या नावांवरून त्या रचनेला ‘किलचॅप’ म्हणतात.

१९२९ मध्ये ३५६६ क्रमांकाचे जुने इंजिन असे दुरुस्त होऊन रुळावर आले. ताकद जवळजवळ दीडपट आणि तेवढ्याच कामाला कोळसा कमी! हा कोळसा फावड्याने भट्टीत टाकणाऱ्या फायरमनच्या कमरेला यातून केवढा दिलासा मिळाला असेल, याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम करणाऱ्या इंग्लंडच्या ‘मॅलर्ड’ इंजिनालाही किलचॅपच होते.

१९४६ मध्ये त्यांचे सर्वांत ताकदवान इंजिन, २४२ए१, तयार झाले. तोवर फ्रेंच रेल्वेचा कल विजेकडे वळला होता. धूर आणि कोळशाची टंचाई पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण हे एकमेव इंजिन संग्रहालयातही ठेवले नाही, १९६० मध्ये थेट भंगारात काढले. शापलाँ तेव्हा निवृत्त झाले होते. त्यानंतर ते १९७८ पर्यंत जगले.