प्यारेलाल सिंह आणि विणकराच्या सुताचा प्रश्न

पर्यावरणस्नेही वस्त्रांची चर्चा ग्राहकाच्या निवडीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. ग्राहकाने हातमाग निवडला, तरी विणकराला सूत कोण देणार, हा प्रश्न उरतोच. रायपूरचे ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या सार्वजनिक जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१८९१ मध्ये राजनांदगावजवळच्या दैहान गावी त्यांचा जन्म झाला. वकील झालेल्या या तरुणाने १९२० मध्ये राजनांदगावच्या बंगाल नागपूर कापड गिरणीतील कामगारांच्या संपाचे नेतृत्व केले. महिन्याहून अधिक काळ चाललेल्या या संपामुळे कामाचे तास घटले. असहकार चळवळीत त्यांनी वकिली सोडली आणि खादीचा प्रचार करीत गावोगाव हिंडले. १९२४ च्या संपानंतर संस्थानाने त्यांना हद्दपार केले, तेव्हा ते रायपुरास आले आणि पुढे तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

गिरणी कामगारांचा हा नेता हातमागाकडे वळला, यात विसंगती नव्हती. गिरणीतला मजूर असो वा घरात माग चालवणारा विणकर, कच्चा माल आणि बाजार दोहोंवर त्याची मालकी नव्हती. महायुद्धाच्या काळात ही दुर्बलता अधिकच उघडी पडली. १९४३ पासून कापड व सुतावर सरकारी नियंत्रण आले. सुटा विणकर व्यापाऱ्याच्या दारी उभा राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. अशा वेळी, १९४५ मध्ये, प्यारेलाल सिंहांनी छत्तीसगडच्या विणकरांचा सहकारी संघ उभा केला. खादीचे आवाहन ग्राहकाच्या विवेकाला होते. संघ विणकराच्या हातात सौदा करण्याची ताकद देणार होता.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सोडून ते आचार्य कृपलानींच्या पक्षात गेले आणि १९५२ मध्ये विधानसभेत विरोधी बाकांवर बसले. ऑक्टोबर १९५४ मध्ये भूदान पदयात्रेत असतानाच त्यांचे निधन झाले. छत्तीसगड शासन सहकार क्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने सन्मान देते.

छत्तीसगडचा कोसा अर्जुन आणि साजाच्या पानांवर वाढतो. त्यासाठी झाड उभेच राहावे लागते. निसर्ग राखून वस्त्र निर्माण करणारी ही साखळी येथे पूर्वापार आहे. मात्र कोष गोळा करणाऱ्यापासून विणकरापर्यंत प्रत्येकाला वाजवी वाटा मिळाला नाही, तर पुढची पिढी मागावर बसणार नाही. हातमाग संघामार्फत होणारी शासकीय कापडखरेदी हा आधार आहे. तथापि एकाच खरेदीदारावर विसंबणे हेही परावलंबनच होय. म्हणून धोरणाने वेळेवर सूत, स्वस्त कर्ज आणि सभासदांच्या हाती कारभार असलेल्या संस्था यांना अग्रक्रम द्यावा. ग्राहकाची सुजाण निवड आवश्यक आहेच. तिचे मोल विणकराच्या घरापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र संघटनेलाच करावे लागते.