कै. शेठ वालचंद हिराचंद

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ज्यांच्या नावाने वालचंदनगर उभे राहिले, ते कै. शेठ वालचंद हिराचंद दोशी मुळात कारखानदार नव्हते, मातीकामाचे ठेकेदार होते. जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे. घरी सावकारी व कापसाचा व्यापार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षण अर्धवट राहिले व पेढीवर मन रमेना. अशा वेळी रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक भेटले आणि भागीदारी झाली. पैसा शेठजींचा, कामाची माहिती फाटकांची. कारकुनाची विद्याही भांडवलच असते! बार्शी लाइट रेल्वेचे मातीकाम हे त्यांचे सुरुवातीचे काम.

ठेक्याचा धंदा दुरून सोपा दिसतो. इंजिनियर एस्टिमेट करतो, ठेकेदार दर भरतो आणि बिल निघते ते मोजमाप पुस्तकात चढलेल्या कामाचेच. मजुरांची हजेरी मात्र रोज भरते. शंभर घनफुटांची एक ब्रास. तेवढी माती काढण्यास धरल्यापेक्षा एखादा गडी जास्त लागला, किंवा मुरुमाखाली खडक लागला, की नफा तेथेच आटतो. म्हणून खणताना मध्ये मध्ये मातीचे खुंट राखतात. त्यांवरून खोली मोजता येते. हजेरीपट व मोजमाप यांचा मेळ वेळच्या वेळी न घालणाऱ्यास तोटा कळतो तो काम संपल्यावर, आणि तेव्हा इलाज उरत नाही.

अशा धंद्यात फाटक-वालचंद टिकले. १९२० साली ते टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत सामील झाले. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे झाले. डोंगराच्या पोटात काय आहे हे आधी दिसत नाही, म्हणून बोगद्याचे एस्टिमेट सर्वांत अवघड. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. सिंधू नदीवर कालाबागचा पूल झाला.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० नंतरच्या दशकातच या भागात आले होते. त्याच्या भरवशावर कळंबला ऊस लागला. १९३२ साली परदेशी साखरेपासून संरक्षण मिळताच शेठजींनी तेथे साखर कारखाना घातला. जहाजे, विमाने, मोटारी हे उद्योगही त्यांनी काढले. त्यांपैकी बंगळूरचा विमान कारखाना १९४२ साली सरकारने घेतला. विशाखापट्टणमची गोदीही १९५२ साली सरकारकडे गेली.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. वालचंदनगरचा कारभार बंधूंनी पुढे चालविला.